निघणाऱ्याला च्याओझ, आलेल्याला नूडल्स

तिआनजिन, १४ सप्टेंबर २०२४

हुईशिन,

आशीर्वाद लिहितेय. नको असेल तर परत पाठव, पत्ता पाकिटावर आहे.

फोन तू उचलत नाहीस. मोबाइलवरचे निरोप वाचतेस की नाही ते देव जाणे. म्हटलं कागदावर लिहावं, टपालवाला निदान दार तरी वाजवेल. पत्ता नाननानने दिला. पोरीवर रागावू नकोस. मावशीने मागितला आणि तिने दिला, एवढाच तिचा गुन्हा.

मुद्द्याचं सांगते. चांगदे रस्त्यावरच्या आपल्या घराचे बांबू उतरले. आम्हा आठही बिऱ्हाडांना बाहेर काढून पाच वर्षं झाली, तेव्हापासून तिथे हातोडे चालू होते. आता इंग्रजाने बांधलं तेव्हा जसं होतं तसं केलंय म्हणतात. जणू मधली साठ वर्षं आपण तिथे ओली गादीच वाळत घातली होती! वीस ऑक्टोबरला, रविवारी सकाळी दहा वाजता, जुन्या रहिवाशांना घर दाखवणार आहेत. प्रत्येक बिऱ्हाडातली दोन नावं. दुसऱ्या दिवसापासून ते कुठल्याशा कंपनीचं कार्यालय, म्हणजे पुन्हा आत पाऊल नाही. मी आपली दोन नावं देऊन टाकली आहेत. माझं आणि तुझं.

आमचा म्हातारा म्हणाला, ‘‘माझं नाव का नाही? चाळीस वर्षं त्या घरात मी काय भाड्याने झोपत होतो?’’ मी म्हटलं, तू तिथला जावई. जन्मली तिथे हुईशिन.

ये. एवढंच सांगायला कागद घेतला होता, पण टपालाचं तिकीट लावायचंच आहे तर आणखी दोन ओळी.

या शहराची खोड तुला ठाऊक आहे. बाई दिसली की ताई. सकाळी मी न्याहारीच्या गाडीवर जाते तर तो विशीतला पोरगा ओरडतो, ‘‘ताई, अंडी घरून आणलीत की माझी फोडू?’’ बसवाला म्हणतो ताई, आत सरका. काल बँकेत एक ऐंशीचे आजोबा मला म्हणाले, ताई, चष्मा द्या जरा. सगळं गाव मला ताई म्हणतं. जिने म्हणायचं ती अकरा वर्षं गप्प आहे.

त्या दिवशीचं म्हणशील तर माझं एवढंच म्हणणं आहे की घरात पीठ नव्हतं. आईचं आजारपण, दवाखाना, माणसांची ये-जा. कोणाला सुचतंय पीठ आणायचं? फ्रीजरमध्ये सारण भरून मुरडलेले च्याओझ होते, ते उकळून तुझ्यापुढे ठेवले. निघणाऱ्याला च्याओझ, आलेल्याला नूडल्स, ही आईची म्हण मलाही पाठ आहे. पण प्रवासातून आलेल्या माणसाला उपाशी ठेवायचं का? तू वाटीला हात न लावता उठलीस, पिशवी उचललीस आणि गेलीस. सगळी बिऱ्हाडं बघत होती.

असो. वीस तारीख, दहा वाजता.

हुईरू


तिआनजिन, २९ सप्टेंबर

हुईशिन,

पत्र पोचलं. नाननानने सांगितलं की तू ते उभ्यानेच वाचलंस आणि तांदळाच्या डब्याखाली ठेवलंस. फाडलं नाहीस. माझ्यासाठी तेही पुष्कळ झालं.

सोबत पिळाच्या तळलेल्या काड्या पाठवते आहे, तिळाच्या. मोडल्या असतील तर चमच्याने खा. लहानपणी तू मुद्दाम मोडायचीस, म्हणजे दोन खाल्ल्या तरी एकच खाल्ली म्हणता येईल.

काल पाय मोकळे करायला म्हणून त्या बाजूला गेले होते. आपल्या इमारतीच्या फाटकाला नवा काळा रंग दिलाय. दोन मुली तिथे फोटो काढत होत्या. एक मला म्हणाली, ‘‘ताई, जरा बाजूला होता का? भिंत पूर्ण हवीय.’’ झाले बाजूला. तिथून कुनमिंग रस्त्यावर वळले.

तुला एक गोष्ट कधी सांगितली नाही. तू लग्न करून कुनमिंगला गेलीस, त्यानंतर आई रोज संध्याकाळी त्याच नावाच्या या रस्त्यावर फिरायला जायची. घरामागचा तो लहानसा रस्ता, दोन्ही बाजूंना इंग्रजांच्या वेळची झाडं, टोकाला शाळा. चप्पल घालताना म्हणायची, ‘‘चला, कुनमिंगला जाऊन येते.’’ दिआओकाका जिन्यावर बसलेले असायचे, ते विचारायचे, ‘‘काय वहिनी, आज पाऊस आहे का तिकडे?’’ आई म्हणायची, ‘‘तिकडे बारा महिने वसंत असतो हो, तुमच्यासारखं नाही.’’ गुडघे गेल्यावर कोपऱ्यापर्यंतच जायची आणि पाटीला हात लावून परत यायची. शेवटच्या वर्षी खिडकीत बसून मला पाठवायची. मी भाजी आणून परत आले की विचारायची, ‘‘जाऊन आलीस का?’’ मी हो म्हणायचे. कधीकधी गेलेली नसायचे.

तू दारात उभी राहून सगळ्यांसमोर म्हणालीस, ‘‘तू माझी आई चोरलीस.’’ ते शब्द मी आजवर पुन्हा उच्चारले नाहीत. मला कोणी सांगितलं होतं तुला न कळवायला? आईने. डॉक्टरांनी मे महिन्यात सांगितलं आणि त्याच दिवशी आईने माझं तोंड शिवलं. ‘‘नाननानची परीक्षा आहे. बारा वर्षं पोरीने मान वर केली नाही, दोन दिवसांसाठी तिचं वाटोळं करू नकोस. आठ जूनला पाच वाजता शेवटचा पेपर संपतो. पाच वाजून एका मिनिटाने फोन कर. आधी केलास तर तुला माझी शपथ आहे.’’ घड्याळाच्या कारखान्यात तीस वर्षं काढलेल्या माझ्यासारख्या बाईला तिने मिनिट नेमून दिलं. मी ते पाळलं. आई सात तारखेला दुपारी गेली, गणिताचा पेपर चालू असताना. मी घड्याळाकडे बघत रात्र आणि दुसरा दिवस काढला. पाच वाजून एका मिनिटाने तुला फोन केला.

नऊ तारखेला सकाळी नेलं. तिसऱ्या दिवशी न्यायचं असतं. तू दुपारी पोचलीस.

मागच्या पत्रात मी लिहिलं की घरात पीठ नव्हतं. ते काही खरं नाही. पीठ होतं. पण मळायला, लाटायला, कापायला वेळ कुठे होता? नूडल्स म्हणजे तासाभराचं काम. एवढी दुरुस्ती करून घे.

नाव दिलेलं आहे. विमान नको असेल तर आता जलद गाडी आहे, एका दिवसात येता येतं. आमच्या सहाव्या मजल्यावर लिफ्ट आहे, तुझ्या गुडघ्यांची सबब चालणार नाही.

हुईरू


तिआनजिन, २१ ऑक्टोबर

हुईशिन,

तू आली नाहीस.

साडेनऊपासून फाटकाशी उभी होते. दर गाडीला मान वर करायची, खाली करायची. शेवटी खोउमावशी म्हणाली, ‘‘अगं, कोंबडीसारखं काय चालवलंयस? चल आत.’’ मावशी आता ब्याऐंशीची आहे, काठी घेऊन चालते, जीभ मात्र बिनकाठीची. आपल्या शेजारच्या चुलीवर तिने सगळा जन्म काढला, तेव्हा आपल्या घरातलं तिला आपल्यापेक्षा जास्त माहीत.

दाखवायला एक बावीस-तेवीस वर्षांची मुलगी होती, कानात यंत्र, हातात लहान झेंडा. दिआओकाका तिला म्हणाले, ‘‘ताई, झेंडा खाली करा. आम्ही हरवलो तरी इथेच हरवणार.’’ पोरगी हसली बिचारी. मग तिने पाठ केलेलं सुरू केलं. लोकरीचा इंग्रज व्यापारी, ओकचं लाकूड, रंगीत काच. वरच्या न्हाणीघरात नेलं. तिथे तो सिंहाच्या पायांचा टब! पांढराशुभ्र करून ठेवलाय, भोवती लाल दोरी. ती म्हणाली, ‘‘मालक रोज सायंकाळी या टबात स्नान करत असत.’’

दिआओकाकांनी घसा खाकरला. ‘‘ताई, मालकाने अंघोळ केली असेल चार-पाच वर्षं. आमच्या कोबीने चाळीस वर्षं केली आहे.’’

‘‘कोबीने?’’

‘‘हिवाळ्याचा कोबी. आठ बिऱ्हाडांचा. वर दगड ठेवून आंबवायचा. आणि नववर्षाच्या आधी कार्प मासे सोडायचे, जिवंत. एकदा खोउमावशीचा मासा माझ्या पोराने खाल्ला, तर बाईने दोन वर्षं माझ्याशी बोलणं टाकलं होतं.’’

‘‘तीन वर्षं,’’ मावशी म्हणाली. ‘‘आणि तो मासा दीड किलोचा होता.’’

सगळे एवढे हसले की पहारेकरी वर धावत आला. त्या मुलीने झेंडा काखेत धरला आणि वहीत लिहून घ्यायला लागली. चांगली मुलगी आहे. खालच्या भिंतीवर पितळी पाटी आहे, त्यावर इंग्रजाचं नाव, मग एका सरदाराचं नाव, मग ‘१९५६ ते २०१९ : रहिवासी’. नावं नाहीत. आपण सगळे त्या एका शब्दात. मी तिला म्हटलं, माझ्या आईचं नाव तरी लिहून घे, वेन शिउयिंग, गालिच्याच्या कारखान्यात होती. तिने घेतलं. पाटीवर येणार नाही हे तिलाही माहीत आणि मलाही, पण घेतलं.

जिन्यावर बसू देत नाहीत. मी बसले. पहारेकरी म्हणाला, ताई, उठा. मी म्हटलं, सहाव्या पायरीवर मी धाकट्या बहिणीला अंकगणित शिकवलंय, दोन मिनिटं थांब. तो थांबला.

आणि मग स्वयंपाकघर. आपलं ते सामाईक, आठ चुलींचं, काळं पडलेलं. आता तिथे पाहुण्यांचे कोट टांगायची जागा आहे. भिंत इतकी गोरी की आपली चूल कुठे होती ते मला सापडेना. खोउमावशीने काठीने दाखवलं. ‘‘इथे मी. इथे तू. इथे तुझा ओटा.’’ मग काठी तिथेच टेकवून तिने विचारलं, ‘‘धाकटी नाही आली?’’

मी म्हटलं, तिला कामं असतात.

‘‘कामं!’’ मावशी म्हणाली. ‘‘आल्या आल्या तू तिला निघण्याचं ताट वाढलंस. मी नसते आले.’’

मी म्हटलं, मावशी, पीठ मळायला वेळ नव्हता.

ओरडली असती तर बरं झालं असतं, पण ती हळू आवाजात म्हणाली, ‘‘मळलेलं होतं, हुईरू. ओल्या फडक्याखाली. लाटणं शेजारी ठेवलेलं होतं. मी या इथे उभी होते. अकरा वर्षं मी कोणाला बोलले नाही, पण मला तरी सांगू नकोस.’’

कोटांच्या खुंट्यांमध्ये मी उभी होते आणि मला लाज वाटली. म्हातारपणी अशी लाज वाटेल असं वाटलं नव्हतं.

आता खरं लिहिते. पुन्हा दुरुस्ती करावी लागणार नाही.

पीठ मी स्वतः मळलं होतं, नऊ तारखेला, आईला नेऊन आल्यावर लगेच. अंघोळ केली आणि पहिलं काम ते केलं, कारण तू दुपारी पोचणार होतीस. रस्सा शिजत होता. मग तू दारात आलीस आणि ते वाक्य बोललीस. मी तुला काही सांगू शकले असते. आईची शपथ, पाच वाजून एक मिनिट, सगळं. मी तोंड उघडलं नाही. आत गेले, मळलेल्या पिठाकडे पाहिलं, आणि फ्रीजर उघडला. काय करते आहे ते मला पुरतं ठाऊक होतं. तुला ते लागावं म्हणूनच केलं.

आणि यापेक्षा वाईट पुढे आहे. ते च्याओझ मी केलेले नव्हते.

मे महिन्यात, डॉक्टरांकडून आल्यावर तिसऱ्या दिवशी, आईने उशीला टेकून बसून केले. कोळंबी, अंडं आणि लसणीची पात, तुझ्या आवडीचे. चाळीस झाले, दोन दिवस लागले. हात थरथरायचा आणि डाव्या अंगठ्याला तर मागात सापडल्यापासून पेरच नव्हतं. तरी मला मुरडू देईना. म्हणाली, ‘‘शिन येईल तेव्हा मी असेन-नसेन. आली की आधी तिला नूडल्स घाल, पोटभर, म्हणजे चार दिवस पाय निघणार नाही. आणि ज्या दिवशी जायला निघेल त्या दिवशी हे उकळ. माझ्या हातचं खाऊन जाऊ दे.’’

मी क्रम उलटा केला. आईने तुला निरोप देण्यासाठी ठेवलेलं, ते मी तुला हाकलण्यासाठी वापरलं. तू तर वाटीत पाहिलंसुद्धा नाहीस. पाहिलं असतंस तर मुरड ओळखली असतीस आणि तेव्हाच सगळं बाहेर आलं असतं. मी तुला जिन्यापर्यंत तरी हाक मारायला हवी होती. मारली नाही.

तुझ्यापुढचे वीस मी खाल्ले. गार झालेले, एकटीने, ओट्याशी उभी राहून. म्हाताऱ्यालाही हात लावू दिला नाही. उरलेले वीस अजून आहेत. घर सोडताना गादीपासून कपाटापर्यंत सगळं हमालांच्या हवाली केलं, पण ते पाकीट बर्फात घालून मांडीवर घेऊन बसमधून आले. म्हातारा म्हणतो, ‘‘लोक सोनं तिजोरीत ठेवतात, आमची बाई फ्रीजरमध्ये ठेवते.’’ खाण्याजोगे राहिले नसणार. पण ते तुझे आहेत, मी टाकू शकत नाही.

ये म्हणत नाही. ये म्हणायला तोंड राहिलेलं नाही. तुला कळावं एवढ्यासाठी लिहिलं. हुईशिन, माझं चुकलं.

हुईरू


कुनमिंग, २ नोव्हेंबर

ताई,

मी वाटीत पाहिलं होतं.

पहिल्या नजरेतच ओळखलं. प्रत्येकाची मुरड डावीकडे कललेली आणि कडेला अंगठ्याचा तो खळगा. आईची मुरड मी ओळखणार नाही का? ओळखली म्हणून तर उठले.

तुला एक माहीत नाही. एप्रिलमध्ये आईचा फोन आला होता. नाननान अभ्यासाला बसली होती, आई काहीबाही विचारत होती, जेवलात का, पाऊस आहे का. मी म्हटलं, ‘‘आई, परीक्षा संपेपर्यंत फोन करू नकोस गं. घरात सगळ्यांचं लक्ष उडतं.’’ ती म्हणाली, बरं. त्यानंतर तिचा फोन आला नाही. तिने तुझं तोंड कोणामुळे शिवलं ते आता तुला कळेल. तुझ्या दुसऱ्या पत्रात ‘आठ जून, पाच वाजून एक मिनिट’ वाचलं तेव्हा मलाही तेच कळलं. तिसरं आलं तेव्हा तांदळाच्या डब्याखालची आधीची दोन पत्रं काढली, पुन्हा सगळी वाचली.

तुझ्या दारात मी ओरडले ते तुझ्यावर नव्हतं. आणि मग तू वाटी ठेवलीस आणि त्यात आईच्या हातचे निघण्याचे च्याओझ. मला वाटलं, आईनेच ठरवून ठेवलं. फोन करू नकोस म्हणालीस ना, मग ये आणि तशीच परत जा. तुझा मला राग नव्हता, ताई. अकरा वर्षं तुझा फोन उचलला नाही तो याच भीतीने की एकदा तू बोलता बोलता सांगशील, हो, आई तसंच म्हणाली होती.

आई रोज कुनमिंगला येऊन जायची हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

माझं वाक्य मी परत घेते. ते सगळ्यांसमोर बोलले होते, तर परतही सगळ्यांसमोर घेईन. खोउमावशी आणि दिआओकाकांना जेवायला बोलाव.

तुझ्या काड्या मोडूनच पोचल्या. मी दोन खाल्ल्या आहेत. एकच धर.

सोळा तारखेच्या जलद गाडीचं तिकीट काढलं आहे, संध्याकाळी पोचते. नाननान म्हणते आहे की मावशीला, म्हणजे तुला, आधी फोन कर, पण फोनवर मला बोलता येणार नाही. तू पीठ मळून ठेव. फडकं चांगलं ओलं कर, गाडीला उशीर झाला तर वाळेल. च्याओझ राहू देत आहेत तिथेच. मी लगेच निघणार नाहीये.

शिन